विजेच्या पेटीची गवसणी

दि. ६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी, खाली सही करणार, ‘गवसणी मास्तर’ या नावाने परिचित, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय वाद्यांच्या, यंत्रांच्या व किमती सामानाच्या गवसण्या शिवणे, तुझा ज्येष्ठ व एकुलता बंधू, असे लिहून कळवितो की, माझी प्रकृती उत्तम असून दृष्टी व स्मरणशक्ती शाबूत आहे.

पत्रास कारण की, आमच्या गल्लीत जमिनीखालून नवी केबल टाकण्याचे काम निघाले आहे. खड्डे खणले आहेत. ते केव्हा बुजतील हे खणणाऱ्यांनाही ठाऊक नाही. त्यामुळे वीज वारंवार खंडित होते व एकदा गेली की अर्धा दिवस येत नाही. तुझ्या तळ्याकाठी विजेचा खांब नसताना तू पाहुण्यांच्या तंबूंत दिवे व पंखे चालवितेस, असे मागे लिहिले होतेस. ज्या पेटीवर ते चालतात, ज्यास पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात, तशी एक पेटी घेण्याचे मी योजिले आहे. कोणती घ्यावी याविषयी तुझे मत कळवावे. सल्ला नव्हे, मत. निर्णय माझा राहील.

पेटीचा उपयोग माझे शिलाई मशीन व एक दिवा यांसाठी होणार आहे.

तुझी वहिनी बरी आहे.

उत्तर पत्रानेच धाडावे. टेकडीवर चढून फोन लावू नये. तुझा आवाज तुटत येतो आणि हसणे मात्र पूर्ण येते.

तुझा,
दादा

•

१४ नोव्हेंबर

दादा, नमस्कार.

पत्र उघडलं आणि आधी घाबरलेच. म्हटलं, दादाला कुणी साक्षीला उभं केलं की काय! कोर्टासमोर अर्जनवीसाच्या मांडीला मांडी लावून जन्मभर दुकान चालवलंस, तर त्याची भाषा तुझ्या अंगाला चिकटली ती चिकटलीच. ‘एकुलता बंधू’ काय? मी काय तुला विसरणार होते?

तर एक दिवा आणि एक शिलाई मशीन. एवढ्यासाठी सगळ्यात लहान पेटी पुरे. माझ्याकडे लोक तसली एका हातात लटकवून तळ्यावर मासे धरायला जातात. घेऊन टाक.

हे लिहिलं, पेन ठेवलं, आणि डोक्यात प्रकाश पडला. दादा, तुझं मशीन पायाचं आहे! मी मोटर बसवून देते म्हटलं तेव्हा “पायात जोर आहे तोवर मोटर नको” म्हणून माझ्यावर डाफरला होतास. मग पायाच्या मशीनला वीज कशाला रे? आणि ‘तुझी वहिनी बरी आहे’ हे एवढंसं वाक्य? एरवी तिला शिंक आली तरी तू मला अर्धं पान लिहितोस.

काय लपवतोयस? खरं लिही. नाहीतर तंबूंना कुलूप लावून पुढच्या बसने येते आणि तुझ्या दारात बसते.

तुझी धाकटी

•

दि. २१ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे अनुमान बरोबर आहे. त्या विषयावर याहून अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

वस्तुस्थिती अशी. तुझ्या वहिनीची फुप्फुसे उन्हाळ्यापासून अशक्त झाली आहेत. पुढच्या खोलीत, तिच्या खिडकीजवळ, प्राणवायू देणारे यंत्र ठेवले आहे. ते हवेतून प्राणवायू वेगळा करते व तो नळीने तिच्या नाकाशी पोचतो. दिवसाचा बहुतेक काळ ते चालू असावे लागते. वीज गेली की यंत्र थांबते. मग सिलिंडर. सिलिंडर संपला की तो बदलून देणाऱ्या माणसाची वाट पाहणे.

चिरंजीवांनी व सूनबाईंनी ठरविले आहे की आम्ही उभयतांनी हे घर बंद करून त्यांच्या चौदाव्या मजल्यावर राहावयास जावे. तेथे इमारतीला जनरेटर आहे. मी नकार दिला. त्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुमच्या हट्टापायी आईचा जीव टांगणीला लागलाय.” मी म्हणालो, “येथेच सोय करून दाखवितो.” ते म्हणाले, “दाखवा. जानेवारीत येतो, मेन स्विच माझ्या हाताने पाडतो. जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत आईचं मशीन चाललं तर मी गप्प. नाही चाललं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात.”

मी हे मान्य केले आहे.

तुझ्या वहिनीचे म्हणणेही नमूद करतो. तिच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसते. समोरची इस्त्रीवाली तिच्याशी दिवसभर बोलते आणि कोण कोठे निघाला, का निघाला, हे दोघींना त्या माणसाच्या आधी कळते. ती म्हणाली, “चौदाव्या मजल्यावरून नुसते ढग दिसतात हो. ढगांशी किती बोलणार माणूस?”

यंत्राच्या पाठीवरील पट्टी भिंगाने वाचली. तीनशे वॅट असे लिहिले आहे.

तुझा,
दादा

•

२७ नोव्हेंबर

दादा,

आधी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग लिहायला बसले. उन्हाळ्यापासून? आणि मला आता कळतंय? तुला बघतेच नंतर. आणि तो तुझा मुलगा! स्वतःच्या बापाची परीक्षा घेतो, नालायक कुठला.

आता कामाचं. तुझ्याच भाषेत सांगते, म्हणजे तुला माझा सल्ला, चुकले, माझं मत, पटेल.

पेटीवर दोन आकडे असतात. वॅट म्हणजे पन्हा आणि वॅट-अवर म्हणजे कापडाची लांबी. पन्हा कमी पडला तर लांबी कितीही असो, अंगरखा निघत नाही. लांबी कमी पडली तर अंगरखा निघतो, पण बाह्यांशिवाय. दुकानदार पन्ह्याचा आकडा मोठ्ठा छापतात आणि लांबी कुठेतरी तळाशी. तू तळाशी वाच. वहिनीच्या यंत्राला तीनशेचा पन्हा लागतो, पण सुरू होताना ते हिसका देतं, म्हणून पन्हा ऐसपैस असू दे. लांबी दोन हजारांची घे. दोन हजार लिहिलेत म्हणून दोन हजार हातात येत नाहीत हं. कापड पाण्यातून काढल्यावर आटतं, तशी वीजही पेटीतून निघताना आटते. सतराशे धर. म्हणजे जेवणापासून चहापर्यंत होऊन वर थोडं उरेल.

आतली बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची माग, ती जास्त वर्षं टिकते. ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेलं बघ. नसेल तर औषधपाण्याची यंत्रं कुरकुरतात. आणि पेटी कायमची भिंतीच्या सॉकेटला जोडून यंत्र तिच्यातून चालवता येतं का, ते विचार. म्हणजे वीज गेली की पापणी लवायच्या आत पेटी ताबा घेते, कुणी धावायला नको.

तीन गोष्टी सांगून ठेवते. पेटी जड असते, तू उचलायची नाहीस, चाकांचा पाट कर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वहिनीचं यंत्र पेटीला जोडायचं नाही, आणि पहिली चाचणी वहिनीला नळी न लावता घ्यायची. आणि सिलिंडर घरातून हलवायचा नाही, पेटी सोन्याची असली तरी.

माझे पाहुणे तंबूत चहाची किटली लावतात आणि सगळी पेटी बंद पाडतात. दर आठवड्याला! किटलीचा पन्हा म्हणजे मांडवाचं कापड. तुझ्या घरात तेवढं सांभाळ.

धाकटी

•

दि. १२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

प्रथम एक दुरुस्ती. चिरंजीवांस नालायक म्हणण्याचा अधिकार मला आहे, आणि तो मी वापरलेला नाही. गेल्या महिन्यात ते न कळविता आले तेव्हा वीज गेलेली होती, सिलिंडर संपलेला होता व मी खाली कोपऱ्यावर सिलिंडरवाल्याची वाट पाहत उभा होतो. इस्त्रीवाली तुझ्या वहिनीला वारा घालत होती. आईचे ओठ त्यांनी निळे पडलेले पाहिले. त्यामुळे ते जे बोलतात ते भीतीने बोलतात, हे ध्यानात घ्यावे.

आता पेटीविषयी. दुकानदाराने मजपुढे चार पेट्या मांडल्या आणि सगळ्यात चकचकीत पेटीवर थाप मारून म्हणाला, “काका, ही घ्या. तीन हजार वॅट! अख्खं घर चालेल.”

मी विचारले, “पन्हा समजला. लांबी किती?”

तो म्हणाला, “लांबी? अशी हातभर असेल.”

मी त्यास खुलासा केला. तो समजूतदार निघाला. हसून म्हणाला, “काका, तसं म्हणाल तर हिच्यात पन्हा चादरीचा आणि लांबी रुमालाची.” मग त्याने मागची करड्या रंगाची पेटी पुढे ओढली. तुझे सर्व निकष तीत आढळले. किंमत मी येथे लिहीत नाही. डॉक्टरांस माहितीपत्रक दाखविले. त्यांनी होकार दिला व सिलिंडराविषयी तुझेच शब्द उच्चारले.

पेटी घरी आली त्याच दिवशी मी तिची गवसणी शिवावयास घेतली. इतकी मोलाची वस्तू उघडी ठेवणे माझ्या घरात शक्य नाही. बाहेरून जाड कॅनव्हास, आतून मखमली अस्तर, चारी बाजूंनी बंदिस्त, फक्त तारेपुरते काज. तुझी वहिनी म्हणाली, “अहो, माझ्या लग्नातल्या शालूला सुद्धा एवढं जपलं नव्हतं तुम्ही.”

काल चाचणी घेतली. तुझी वहिनी सिलिंडरवर, यंत्र नुसतेच चालू. अर्ध्या वाटेवरच पेटीने शिटी दिली व ती बंद पडली. पडद्यावर निम्म्याहून अधिक वीज शिल्लक दिसत होती. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. याचा अर्थ एकच. पेटी सदोष आहे, किंवा तुझी लांबी-पन्ह्याची उपमा सदोष आहे. चिरंजीव जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी येत आहेत.

पेटी परत करण्यापूर्वी तुझे मत मागवीत आहे.

दादा

•

१७ डिसेंबर

दादा!

मी जमिनीवर बसून हसले. माझी लेक धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

अरे, मखमली अस्तर? चारी बाजूंनी बंदिस्त? त्या पेटीच्या दोन्ही कुशीला जाळी आहे ना, ती नक्षी नव्हे! तिथून ती श्वास घेते. आत छोटे पंखे आहेत, एका बाजूने गार हवा ओढतात आणि दुसरीकडून गरम सोडतात. तू वहिनीच्या श्वासाची सोय केलीस आणि पेटीचंच नाक दाबलंस. ती तापली आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडली. एवढंच झालंय. पेटी शहाणी आहे, माझी उपमा पण शहाणी आहे. गवसणी काढ, परत चालव.

परत करू नकोस. आणि तोंड पाडून बसू नकोस. नुसती उघडी ठेव म्हणजे झालं.

धाकटी

•

दि. २६ डिसेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. तुझ्या वहिनीने एकदा वाचले आणि ती हसली. नळीसकट हसली. खिडकीतून तिने ते इस्त्रीवालीस ऐकविले, आणि आता गल्लीत मला पाहिले की लोक नाक चिमटीत धरतात.

‘नुसती उघडी ठेव’ असे तू लिहिलेस. ते मला मान्य नाही. खड्ड्यांमुळे घरात बोटाने रेघ ओढता येईल इतकी धूळ येते. तीच धूळ जाळीतून आत गेली तर पेटी आज तापली नाही तरी उद्या तापेल. सबब, पेटी झाकली पाहिजे आणि पेटीने श्वासही घेतला पाहिजे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला असे काम कोणी दिले नव्हते.

मी तीन दिवस पेटीपुढे नुसता बसलो. ती कोठून हवा ओढते हे पाहण्यासाठी दोऱ्याचा तुकडा धरून हिंडविला. उजवीकडे दोरा आत झुके, डावीकडे बाहेर उडे. मग मखमल उसवली. दोन्ही कुशींना मच्छरदाणीचे विरळ कापड लावले व आत बांबूच्या काड्या घातल्या, जेणेकरून कापड जाळीला कधीही चिकटणार नाही. उजवीकडचे कापड दर आठवड्यास काढून धुता येते. पुढच्या बाजूस पडद्यापुरती खिडकी. यंत्राच्या तारेस एक काज. उरलेल्या सर्व सॉकेटांवर झडप, व झडपेस गुंड्या.

काल पुन्हा चाचणी घेतली, आणि ती पूर्ण झाली. पेटीच्या डाव्या कुशीशी हात धरला तर कोमट हवा येत होती, जशी झोपलेल्या मुलाच्या नाकाशी येते.

दादा

•

२ जानेवारी

दादा,

मी पत्र परत वाचलं. मग लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आई, आपल्या तंबूंतल्या सगळ्या पेट्यांत तळ्याची वाळू जाते. मामाला विचार ना.” तर विचारते. शिवशील का? घाई नाही, आणि फुकट तर अजिबात नाही.

रविवारी मी येऊ का? तुझ्या बाजूने कुणीतरी ओरडायला नको का?

धाकटी

•

दि. ११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या येण्याविषयी मी उत्तर धाडले नाही, कारण तू असतीस तर चिरंजीव हरले असते. मला ते हरावयास नको होते.

आज रविवारी चिरंजीव व सूनबाई आले. सूनबाईंच्या हातात रिकाम्या बॅगा होत्या. त्या त्यांनी दारामागे, न दिसतील अशा ठेवल्या, हा त्यांचा चांगुलपणा. टेम्पो ठरलेला होता. जेवण झाले. तुझी वहिनी खिडकीशी, नळी लावून. सिलिंडर शेजारी, किल्ली वर ठेवलेली. चिरंजीव मेन स्विचपाशी गेले.

“बाबा, पाडू?”

“पाड.”

पंखा थांबला. यंत्राच्या आवाजात तसूभरही फरक पडला नाही. थोड्या वेळाने तुझी वहिनी म्हणाली, “अरे, कधी पाडणार आहेस? मला नंतर जरा पडायचंय.”

चिरंजीव म्हणाले, “आई, पाडलाय.”

“कधी?”

“मघाशीच.”

ती यंत्राकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. एवढे एकच घडले असते तरी मला पुरे होते.

चिरंजीव पेटीसमोर खुर्ची ओढून बसले व पडद्यावरील आकडा उतरताना पाहू लागले. मध्येच गवसणीच्या कुशीला हात लावीत. “तापत नाहीये,” असे ते दोनदा म्हणाले, जणू तक्रार करावी.

दुपार कलली तेव्हा सूनबाई विजेची किटली घेऊन आल्या. सासूबाईंना गरम पाणी हवे असेल, हा त्यांचा हेतू. त्या पेटीपुढे वाकल्या.

“बाबा, हिला दुसरं सॉकेट नाही का?”

“आहे.”

“मग दिसत का नाही?”

“झडपेखाली आहे. गुंड्या लावल्या आहेत.”

“मग उघडा ना. पाच मिनिटांचं काम आहे.”

“सूनबाई, त्या गुंड्या तुमच्या सासूबाईंच्या हुकमाशिवाय निघत नाहीत.”

तुझी वहिनी खिडकीजवळूनच म्हणाली, “हुकूम नाही. गॅस आहे ना घरात? पातेल्यात कर.”

सूनबाई हसत आत गेल्या. चिरंजीव मात्र हसले नाहीत. त्यांनी किटलीखालचा आकडा वाचला, मग यंत्राच्या पाठीवरचा वाचला, आणि मला हळूच विचारले, “बाबा, ही लावली असती तर?”

“यंत्र आणि किटली, दोन्ही बंद.”

“म्हणून गुंड्या?”

“म्हणून गुंड्या. घरात मी नसेन, तुझी आई झोपलेली असेल, कोणी पाहुणा येईल. त्याला मी शिकवावयास कोठून येणार? झडप शिकवील.”

गवसणीची एक टीप त्यांनी नखाने ओढून पाहिली. ती निघाली नाही. माझी टीप निघत नसते.

संध्याकाळचा चहा झाला. चिरंजीवांनी कप खाली ठेवला, पडदा पाहिला व म्हणाले, “अजून शिल्लक आहे.” मग ते गॅलरीत जाऊन फोनवर बोलू लागले. शब्द मला स्पष्ट ऐकू आले. “हॅलो, टेम्पो ना? उद्या नको... नाही, परवा पण नको. नकोच.”

तुझ्या वहिनीने ते खिडकीतून इस्त्रीवालीस कळविले. समोरून टाळ्या ऐकू आल्या. त्या फक्त इस्त्रीवालीच्या नव्हत्या.

मी मेन स्विच वर करावयास उठलो, तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, “बसा हो. राहू दे अजून. किती शांत आहे.” पंखा, फ्रिज, बाहेरचे खणणे, सगळे बंद. केवळ तिच्या यंत्राचा एकसुरी आवाज. आम्ही चौघे तसेच बसलो. चिरंजीव आईच्या पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसले. आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि थोड्याच वेळात त्यांची मान कलली.

सूनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “बाबा, त्या दिवशी आईंना तसं बघून आल्यापासून ते नीट झोपलेच नाहीयेत. फोन उशाशी, आणि डोळे टक्क उघडे. इथून फोन येईल म्हणून.”

सूनबाईंनी दारामागच्या बॅगांपैकी एकीची घडी करून ती त्यांच्या मानेखाली दिली.

तुझ्या पेट्यांची मापे पाठवावीत. लांबी, रुंदी, उंची, व कोणत्या कुशीने हवा ओढते ते दोरा धरून पाहून लिहावे. मोबदला ठरविण्यास तुझ्या लेकीने लिहावे. तू घासाघीस करतेस.

वरील सर्व मजकूर मी शुद्धीत, राजीखुशीने व पेटीच्या उजेडात लिहिला आहे.

सही,
गवसणी मास्तर

साक्षीदार:
१. माझी पत्नी, नळीसह, हजर.
२. सूनबाई, हजर.
३. समोरची इस्त्रीवाली, खिडकीतून हजर.
४. चिरंजीव, हजर, परंतु गाढ झोपेत. सही उठल्यावर घेऊ. उठविण्यास त्यांच्या आईची मनाई आहे.